मोतीबिंदूचीं पूर्वचिन्हें

(ले. एक निवृत्त महसुली कारकून, काल्हेर, ता. भिवंडी)

भातास खोडकिडा लागला म्हणजे प्रथम मधला पोंगा सुकतो व ओढला तर सहज हातीं येतो. पुढें लोंबी बाहेर पडली तरी ती पांढरी व पोकळ निघते. तिला आपण पळींज म्हणतों. पळींज दिसेपर्यंत जो थांबला त्यास कोणी जाणता शेतकरी म्हणत नाहीं. जाणता मनुष्य सुकलेला पोंगा पाहूनच काय तें उमजतो. रोपाकरितां ही जी नजर आपण राखतों ती स्वतःच्या डोळ्याकरितां मात्र राखीत नाहीं. त्यामुळें मोतीबिंदूसारखा हळूहळू येणारा रोग कित्येक वर्षें घरांत वावरतो तरी त्याचा पत्ता लागत नाहीं, आणि बाहुली पांढरी दिसूं लागली म्हणजे "मोती पडला" अशी बातमी गांवांत होते. पळिंजास उपाय नाहीं व मोतीबिंदूस त्या अवस्थेंतहि बहुधा आहे, ही दैवाची कृपाच म्हणावयाची. परंतु मधल्या वर्षांत जें नुकसान होतें तें कोणी भरून देत नाहीं.

आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरहि नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमची उमर गेली. परंतु ह्या कामांत एक गोष्ट पाहावयास मिळाली, जी डॉक्टरास क्वचितच दिसत असेल. "मला दिसत नाहीं" असें म्हणणारा मनुष्य डॉक्टराकडे जातो. "मला चांगलें दिसतें" असें म्हणणारा मनुष्य कारकुनापुढें येतो, आणि त्यानें कागद कसा धरला ह्यावरून त्याच्या डोळ्यांची हकीकत कळते.

साठीच्या खातेदारास उतारा वाचावयास द्यावा. कोणी तो घेऊन खिडकीशीं जातो. कोणी उलट खिडकीकडे पाठ करतो, कारण समोरचा उजेड त्यास सोसत नाहीं. कोणी मान कलती करून असा पाहतो कीं जणुं अक्षर कशाच्या तरी आड उभें आहे. चष्मा काढून सदऱ्याच्या टोंकानें पुसणें हें तर नेहमींचेंच. पुसून लावतो, पुन्हां काढून पुसतो, कांच लख्ख असते तरी मळ जात नाहीं. सही करतांना "बोट ठेवा, कोठें करूं" असें विचारतो व तरीहि सही रेघेच्या वर चढते. शेवटीं "हल्लीं छपाई फार फिकी करतात" असें म्हणून कागद मुलाच्या हातीं देतो. छपाई कधीं कधीं फिकी असते हें आम्ही नाकारीत नाहीं. पण दहा वर्षांपूर्वीं तशाच फिक्या कागदावरील गट नंबर व क्षेत्र ह्याच गृहस्थानें खडाखडा वाचून दाखविलेलें असतें.

हें कागदाचें एवढें पुराण सांगण्याचें कारण आहे. जबाबाच्या शेवटीं "वरील मजकूर वाचून पाहिला, तो बरोबर आहे" असें एक वाक्य असतें व त्याखालीं सही होते. आमच्या काल्हेर, कशेळी, पुर्णे ह्या बाजूस भाताच्या खाचरांवर गोदामें उभीं राहिलीं आहेत. शेत थोडें राहिलें, पण कागद पुष्कळ वाढले: भाडेपट्टे, करारनामे, हक्कसोडपत्रें, कुलमुखत्यारपत्रें. जमीन बहुधा घरांतील वडील मनुष्याच्या नांवावर असते. म्हणजे सही करण्याचें वय आणि मोतीबिंदूचें वय एकच पडतें. तालुक्यांतीलच एका वृद्ध खातेदाराची गोष्ट आम्हांस ठाऊक आहे. फेरफाराची नोटीस त्यांच्या हातीं पडली. अशा नोटिशीवर पंधरा दिवसांत हरकत घेतां येते. परंतु आपणांस वाचतां येईनासें झालें आहे हें सुनेस किंवा नातवास सांगण्याची त्यांस लाज वाटली, आणि नोटीस देव्हाऱ्यामागें राहिली. मुदत गेली, नोंद मंजूर झाली, आणि मग अपिलाच्या खेपा सुरू झाल्या. गृहस्थ सातवी पास होते. अक्षरओळख पक्की होती. डोळ्यांतलें भिंग तेवढें गढूळ झालें होतें.

हें भिंग बाहुलीच्या मागें असतें. त्यांत पाणी व एका जातीचीं प्रथिनें असून तीं अशा शिस्तीनें रचलेलीं असतात कीं त्यांतून उजेड आरपार जातो. वयोमानानें ही रचना मोडते, प्रथिनांच्या गुठळ्या होतात व भिंग धुरकट होतें. थंडीच्या दिवसांत बाटलींतील खोबरेल पांढरें होतें तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं खोबरेल उन्हांत ठेवलें कीं पुन्हां नितळ होतें, भिंग होत नाहीं. म्हणूनच मोतीबिंदु विरघळविणारें औषध, थेंब, अंजन किंवा मुळीचा रस अद्याप कोणास सांपडलेला नाहीं, आणि जो कोणी तसें सांगून बाटली विकतो त्याच्यापासून दूर राहावें. भारत सरकारनें २०१५ ते २०१९ ह्या काळांत जी पाहणी केली तींत पन्नास वर्षांवरील लोकांच्या अंधत्वापैकीं शेंकडा ६६.२ अंधत्व मोतीबिंदूमुळें आहे असें आढळलें. बऱ्या होणाऱ्या रोगानें इतकीं माणसें आंधळीं राहावीं, ह्याचें एक कारण तो ओळखूं येत नाहीं हें होय.

तो ओळखूं न येण्याचें कारण असें कीं त्यांत दुखत नाहीं. डोळा लाल होत नाहीं, ठणकत नाहीं, चिकटत नाहीं. शिवाय दोन्ही डोळ्यांत तो सारखा वाढत नाहीं. एक डोळा मंद झाला तरी दुसरा त्याचें काम ओढून नेतो. बैलजोडींतील एक बैल खांदा चोरूं लागला तर दुसऱ्याच्या जिवावर नांगर कांहीं काळ चालतो, तसेंच हें. म्हणून पहिली परीक्षा घरच्या घरीं करावी. भिंतीवरील दिनदर्शिकेपासून दहा फुटांवर उभें राहून एक डोळा तळहातानें झांकावा, दाबूं नये, आणि दुसऱ्यानें तारीख व तिथि वाचून पाहावी. मग डोळा बदलावा. चष्मा असल्यास लावूनच पाहावें. महिन्यांतून एकदां हें केलें तर पुरे. आम्हीं पुष्कळांस हें करावयास लाविलें आणि त्यांपैकीं कांहीं जणांस उजवा डोळा झांकतांच आपला डावा डोळा जवळजवळ निकामी झाल्याचें त्या क्षणीं प्रथम समजलें.

उजेडाची खूण दोन परस्परविरुद्ध रीतींनीं येते, त्यामुळें घोटाळा होतो. भिंगाचा मध्यच जुना होऊन पिवळट पडला असेल तर दूरचें प्रथम अंधुक होतें व मंद उजेडांत फार अडचण पडते. परंतु भिंगाच्या पाठीमागील थरावर डाग आला असेल तर उलट होतें: भर दुपारीं कमी दिसतें आणि तिन्हीसांजेस बरें दिसतें. कारण उन्हांत बाहुली आकुंचन पावते व उजेडास त्या डागांतूनच वाट काढावी लागते. संध्याकाळीं बाहुली मोठी होते व कडेनें उजेड शिरतो. लावणीच्या वेळीं पाण्यानें भरलेल्या खाचरावर ऊन पडलें असतां जो मनुष्य कपाळावर हात धरूनहि डोळे उघडूं शकत नाहीं, पण संध्याकाळीं गुरें नीट ओळखतो, त्याच्या डोळ्याची परीक्षा लवकर करावी. मधुमेही लोकांत व दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांत ही दुसरी जात विशेष आढळते व ती झपाट्यानें वाढते.

रात्रीची खूण आमच्या गांवास चांगली परिचित असावयास पाहिजे. ठाण्याहून कशेळीच्या पुलावरून अंजुरफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्रभर मालमोटारी चालतात. समोरून दिवे आले म्हणजे मोतीबिंदु होऊं लागलेल्या मनुष्यास दिव्याभोंवतीं फुटलेला प्रकाश दिसतो, रस्त्याची कड नाहींशी होते, व गाडी निघून गेल्यावरहि कांहीं वेळ कांहींच सुधरत नाहीं. दुचाकीवरून रात्रीं येणें ज्या गृहस्थानें अलीकडे आपण होऊन बंद केलें आहे, त्यास "आतां वय झालें" असें म्हणून सोडून देऊं नये. कां बंद केलें तें विचारावें.

मोबाइलची पडदी ही आणखी एक. २०२१ च्या खरिपापासून शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून मोबाइलवर ई-पीक पाहणी नोंदविण्याची पद्धत आली. उन्हांत त्या पडदीवर चांगल्या डोळ्यासहि कष्ट पडतात, मग गढूळ भिंगाचें काय विचारावें! पिकाची नोंद चुकली कीं पुढें भरपाईच्या वेळीं ती आडवी येते.

आतां ज्या एका खुणेनें मोठमोठे शहाणे फसतात ती सांगतों. वीस वर्षें चाळिशी लावणारा मनुष्य एके दिवशीं चष्म्याशिवाय पोथी वाचूं लागतो, म्हातारी सुईंत दोरा ओंवूं लागते. घरांत आनंद होतो, नवसहि फेडला जातो. वास्तविक भिंगाचा मध्य कठीण होऊन त्याची शक्ति वाढलेली असते, त्यामुळें जवळचें कांहीं काळ स्पष्ट होतें व दूरचें त्याच वेळीं अंधुक होत जातें. हा उसना उजेड कांहीं महिन्यांनीं, फार तर एक-दोन वर्षांनीं, परत जातो. तेव्हां चष्मा सुटला ह्या आनंदांत दूरचा बांध दिसतो कीं नाहीं हेंहि पाहावें. त्याचप्रमाणें ज्याचा चष्म्याचा नंबर वर्षांतून दोनदां बदलावा लागतो त्यानें चष्मेवाल्यावर रागावण्यापूर्वीं नेत्रतज्ज्ञास डोळा दाखवावा.

संकष्टीच्या रात्रीं अंगणांत चंद्र पाहतांना म्हाताऱ्या माणसास विचारावें, चंद्र किती दिसतात? हा विनोद नव्हे. भिंग ठिकठिकाणीं गढूळ झालें म्हणजे एकाच डोळ्यानें पाहिलें असतांहि एका चंद्राचे दोन-तीन दिसतात. दुसरा डोळा झांकल्यावरहि हे जादा चंद्र जात नसतील तर त्याच डोळ्यांत दोष आहे असें समजावें. दोन्ही डोळे उघडे असतांनाच दोन दिसत असतील व एक झांकतांच एक होत असेल, तर तो प्रकार निराळा आहे. त्यासहि डॉक्टर पाहिजे, आणि तो एकाएकीं झाला असेल तर तांतडीनें पाहिजे.

रंगांची खूण बायकांस आधीं कळते. पांढरें धोतर पिवळट दिसूं लागतें व साबणास दोष मिळतो. निळा व जांभळा एकमेकांत मिसळतात. फ्रान्समधील विख्यात चित्रकार क्लोद मोने ह्यांच्या बागेच्या चित्रांत उतारवयांत तांबडा व तपकिरी रंग फार वाढला होता. १९२३ मध्यें त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. तांदूळ निवडणाऱ्या आजीच्या हातून पांढरे खडे सुटूं लागतात, कारण पांढऱ्यावर पांढरें ओळखण्याची शक्ति ह्या रोगांत लवकर जाते. जेवतांना दातांखालीं खडा आला म्हणजे तिच्यावर ओरडूं नये. चहा कपाबाहेर ओतला जाणें, ओट्याची शेवटची पायरी चुकणें, बांधावरून पाय घसरणें, हींहि त्याच कुळींतील चिन्हें होत. उतारवयांतील कमरेचें हाड बहुधा अशाच चुकलेल्या पायरीवर मोडतें.

मोतीबिंदु नव्हे तें ओळखणेंहि तितकेंच जरूर आहे, किंबहुना अधिक. एकाएकीं डोळा लाल होऊन कपाळ ठणकूं लागलें, ओकारी आली, दिव्याभोंवतीं इंद्रधनुष्यासारखीं रंगीत कडीं दिसूं लागलीं, तर तो काचबिंदूचा तीव्र प्रकार असण्याचा संभव असतो व तेथें तासांचा हिशेब असतो. काचबिंदूचा दुसरा प्रकार निमूटपणें येतो, कडेची दृष्टि खातो, आणि जी गेली ती कोणत्याहि शस्त्रक्रियेनें परत येत नाहीं. "मोती असेल, पिकूं दे" म्हणून जे थांबले व ज्यांच्या डोळ्यांत वास्तविक काचबिंदु होता, त्यांच्या दुर्दैवास सीमा नाहीं. एकाएकीं विजा चमकल्यासारखें होणें, काळे ठिपके उसळणें, अथवा एका बाजूनें पडदा ओढल्यासारखें दिसणें, हें आंतल्या पडद्याचें दुखणें. त्याच दिवशीं निघावें. नाकाच्या बाजूनें बुबुळावर जें मांस चढतें तो नाखुना. उन्हावाऱ्यांत काम करणाऱ्यांस तो फार होतो, पण तो मोतीबिंदु नव्हे. मळणीच्या वेळीं डोळ्यांत तूस गेल्यावर अथवा भाताच्या पात्याची कड लागल्यावर डोळा दुखून पाणी वाहूं लागलें व बुबुळावर पांढरा डाग आला, तर तें बुरशीचें व्रण असूं शकतें. त्यांत औषधाच्या दुकानांतून मनास येईल ते थेंब आणून घालणें म्हणजे आगींत पेंढा टाकणें होय. स्टेरॉइडच्या थेंबांनीं तें व्रण भडकतें, आणि ते दीर्घकाळ वापरल्यास मोतीबिंदु व काचबिंदु दोन्ही ओढवतात. लहान मुलाची बाहुली पांढरी चमकतांना दिसली तर एक दिवसहि दवडूं नये.

पिकूं देण्याच्या समजुतीविषयीं दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण ती समजूत मूर्खपणाची नव्हती, जुन्या काळीं ती खरीच होती. सुश्रुतसंहितेंत शलाकेनें डोळ्यांतील हा अडथळा दूर सारण्याची क्रिया सांगितली आहे. फ्रान्समधील जाक दाव्हिएल ह्यांनीं १७४७ मध्यें भिंग डोळ्याबाहेर काढण्यास आरंभ केला. पुढें आपल्या आजोबांच्या काळापर्यंत भिंग काढीत तेव्हां जखम मोठी असे, डोकें न हलवितां कित्येक दिवस पडून राहावें लागे, आणि भिंगाच्या जागीं कांहींच नसल्यामुळें सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा जन्मभर लावावा लागे. थोडेंफार दिसत असतां असला सौदा कोण करील? म्हणून डॉक्टरच सांगत कीं पुरता पिकूं द्या. परंतु २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत हॅरोल्ड रिडले ह्यांनीं डोळ्यांत कृत्रिम भिंग बसविलें. महायुद्धांत वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे प्लास्टिकचे तुकडे शिरूनहि डोळा त्यांस सोसतो, हें पाहून त्यांस ही कल्पना सुचली. १९६७ मध्यें अमेरिकेंतील चार्ल्स केल्मन ह्यांनीं सूक्ष्म कंपनांनीं भिंग आंतल्या आंत फोडून ओढून घेण्याची रीत काढली, व १९९२ मध्यें मदुराईस ऑरोलॅब निघून हीं भिंगें आपल्या देशांत अल्प किंमतींत होऊं लागलीं. आतां दोन-तीन मिलिमीटरांची चीर पुरते आणि रोगी बहुधा त्याच दिवशीं घरीं येतो. आज अतिपक्व मोतीबिंदूच अधिक अडचणीचा असतो: भिंग दगडासारखें होतें, शस्त्रक्रिया कठीण होते, आणि क्वचित् त्यांतील द्रव पाझरून डोळ्याचा दाब चढतो व दुखणें विकोपास जातें. रोजचें काम अडूं लागलें, हीच आतां शस्त्रक्रियेची वेळ.

ऋतूचा विधिनिषेधहि आतां उरलेला नाहीं. उन्हाळ्यांत व पावसाळ्यांतहि शस्त्रक्रिया होतात. शेतकऱ्यापुरती मात्र आमची एक सूचना आहे. पुढील महिनाभर धूळ, तूस व चिखलाचें पाणी डोळ्यांत जाऊं द्यावयाचें नसतें, सबब लावणी किंवा झोडणी तोंडावर असतांना शस्त्रक्रिया करून लगेच शेतांत उतरण्याचा आग्रह धरूं नये. झोडणी आटोपून भात कणगींत पडल्यावरचे महिने आपल्या सोयीचे. मात्र ही सोय काचबिंदूस लागू नाहीं.

अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे व त्याखालीं सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. आमच्या बाजूच्या लोकांनीं प्रथम भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृति उपजिल्हा रुग्णालयांत चौकशी करावी. पुढें ठाण्याचें जिल्हा रुग्णालय व मुंबईचें सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय आहे. ह्या शेवटच्या रुग्णालयांत पूर्वीं असलेले डॉ. तात्याराव लहाने ह्यांस २००८ मध्यें पद्मश्री मिळाली, व त्यांनीं आनंदवनासारख्या ठिकाणीं जाऊनहि गोरगरिबांच्या शस्त्रक्रिया केल्या, हें पुष्कळांस माहीत असेलच. जातांना जुना चष्मा, चालू औषधांच्या चिठ्ठ्या व मधुमेह असल्यास साखरेचा ताजा तपास बरोबर न्यावा. साखर आवरल्याशिवाय शस्त्रक्रिया करूं नये असें डॉक्टर म्हणाले तर त्यांच्याशीं वाद घालूं नये. विडी सोडतां आली तर दुसऱ्या डोळ्यावर तेवढेच उपकार होतील, कारण धूम्रपानानें मोतीबिंदु लवकर येतो हें सिद्ध झालेलें आहे.

शस्त्रक्रियेनंतर पहिले कांहीं दिवस पांढरें कापड किंचित् निळसर दिसतें. घाबरूं नये, इतकीं वर्षें पिवळें पाहण्याची संवय झालेली असते. जुना चष्मा आतां त्या डोळ्यास लागू पडत नाहीं. नवा नंबर साधारण महिना-दीड महिन्यानें ठरतो, तोंपर्यंत महत्त्वाचा कागद सहीस आला तर घरांतील दोघांकडून निरनिराळा वाचून घ्यावा. पुढें कांहीं महिन्यांनीं किंवा वर्षांनीं पुन्हां धूसर दिसूं लागलें तर मोती परत उगवला असें लोक म्हणतात. तसें नसतें, नव्या भिंगामागें जो पातळ पापुद्रा राखलेला असतो तो गढूळ होतो, व रुग्णालयांत बसल्या बसल्या लेसरच्या किरणांनीं कांहीं मिनिटांत त्यास खिडकी पाडतां येते.